मापाची साक्ष

‘मापांत पाप’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली त्या काळीं माप निदान डोळ्यांस दिसत तरी असे. वाणी पायलीवरून हात फिरवून दाणे सपाट करतो कीं शीग ठेवतो, गवळी शेराचें भांडें तिरपें धरतो कीं सरळ, तागडीची दांडी कोणत्या बाजूस कलते, हें सारें गिऱ्हाइकाच्या समक्ष घडे. आणि गिऱ्हाइकास अक्षरओळख नसली तरी दांडीचा कल त्यास वाचतां येत असे. फसवणूक होत नसे असें आमचें म्हणणें नाहीं. ती होई म्हणूनच तर म्हण पडली. परंतु भांडावयाचें झाल्यास भांडणाचा विषय दोघांच्याही पुढ्यांत असे. गेल्या दोनशे वर्षांत मात्र घरोघरीं असा माल येऊं लागला कीं, तो नळींतून किंवा तारेंतून गुपचूप आंत येतो आणि येतां येतांच खर्ची पडतो. गॅस आला, नळाचें पाणी आलें, वीज आली. या मालास पायली नाहीं, तागडी नाहीं, आणि तो आणून घालणारा गवळीही नाहीं. मोजमाप करण्यासाठीं भिंतीवर एक पेटी लटकते, तिला आपण मीटर म्हणतों.

अलीकडे महाराष्ट्रांत घरोघरचे विजेचे मीटर बदलण्यावरून जो वाद माजला, त्यांत एका पक्षानें नव्या यंत्राच्या अचूकपणाचें स्तोत्र गाइलें, तर दुसऱ्यानें त्यास उघड लुटीचें साधन ठरविलें. दोन्ही पक्षांचीं भाषणें ऐकून आम्हांस असें वाटूं लागलें कीं, या पेटीचा पूर्वेतिहास ठाऊक असता तर वाद थोडा निराळ्या मुद्द्यावर झाला असता. यंत्रशास्त्राच्या पुस्तकांत हा इतिहास वाढत्या अचूकपणाचा म्हणून सांगितलेला असतो, आणि तो तसा आहेही. परंतु त्याच्या पोटांत दुसरा एक प्रश्न आरंभापासून दडून बसलेला आहे. माप घेणाऱ्या यंत्राची साक्ष वाचतो कोण, आणि ज्यानें पैसे द्यावयाचे त्यास ती पडताळून पाहतां येते कीं नाहीं? या लेखांत आम्हीं तोच धागा धरून जाणार आहों.

गॅसची हकीकत थोडक्यांत आटपतां येईल. लंडनांत १८१२ सालीं गॅस पुरविणारी कंपनी सनदेनिशीं स्थापन झाली, तेव्हां मीटर असा नव्हताच. अमुक इतके दिवे, अमुक वाजेपर्यंत, आणि त्याबद्दल वर्षाचे अमुक पैसे, असा ठराव होई. वेळ टळून गेल्यावरही एखाद्या दुकानांत दिवे जळत आहेत कीं काय, हें पाहण्यास कंपनीला रस्त्यांतून माणसें फिरवावीं लागत. म्हणजे माप नसलें कीं पहारा आला! सॅम्युएल क्लेग या इंजिनियरानें १८१५ मध्यें पाण्यांत अर्धवट बुडून गॅसच्या दाबानें फिरणाऱ्या पिंपाचा मीटर काढला, आणि पहाऱ्याची जागा आंकड्यांनीं घेतली. तथापि पिंपांतील पाणी कमीजास्त झालें तरी मापांत फरक पडे आणि कडक थंडींत तें गोठून बसे. पुढें १८४० नंतर भात्यांचे कोरडे मीटर निघाले तेव्हां ही अडचण दूर झाली. आमच्या मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते १८६५ सालीं.

विजेची गोष्ट याहून पुष्कळ रसाळ आहे. ४ सप्टेंबर १८८२ रोजीं न्यूयॉर्क शहरांतील पर्ल स्ट्रीट येथल्या विद्युत्-गृहांतून एडिसननें आसपासच्या इमारतींस वीज देण्यास आरंभ केला. वीज दिली, पण मोजावी कशी? पहिल्या दिवसांत बिलांकडे कोणी फारसें लक्षच दिलें नाहीं. नंतर त्यानें जो मीटर प्रचारांत आणला, तो आजच्या वाचकास मीटर म्हणून ओळखूंही यावयाचा नाहीं. ती एक लहानशी रसायनशाळाच होती. एका पेटींत कांचेची बरणी, बरणींत जस्ताच्या क्षाराचें पाणी आणि त्या पाण्यांत बुडविलेल्या जस्ताच्या दोन पट्ट्या. घरांत शिरणाऱ्या प्रवाहाचा अगदीं लहानसा, परंतु ठराविक, अंश या पाण्यांतून जाई. प्रवाह वाहूं लागला कीं एका पट्टीवरील जस्त झिजून दुसरीवर जाऊन बसे. महिन्याकाठीं कंपनीचा माणूस येऊन जुन्या पट्ट्या काढून नेई व नव्या ठेवून जाई. नेलेल्या पट्ट्या धुऊन, वाळवून, नाजूक तराजूंत तोलल्या जात, आणि वजनांत पडलेल्या फरकावरून गिऱ्हाइकाचें बिल ठरे. हिवाळ्यांत बरणींतील पाणी गोठूं नये म्हणून पेटींतच एक दिवा बसविलेला असे. थंडी वाढली कीं धातूची एक पट्टी वांकून तो आपोआप लागे.

युक्ति म्हणून ही कोणासही मोहून टाकील. दोष एवढाच कीं, गिऱ्हाइकाच्या घरांत जी पेटी होती तिच्यावर वाचण्याजोगें कांहींच नव्हतें. माप त्याच्या घरीं होतें, पण तें वाचण्याचा तराजू कंपनीच्या घरीं होता. वजन कंपनीनें करावें, गुणाकार कंपनीनें करावा आणि गिऱ्हाइकानें तो आंकडा देववाणीसारखा मान्य करावा! हा प्रकार लोकांस रुचेना यांत नवल तें काय? एडिसनच्या चरित्रांत यासंबंधीं एक गोष्ट दिलेली आहे. प्रसिद्ध धनको जे. पी. मॉर्गन यांची पेढी पर्ल स्ट्रीटच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकीं होती. इतकेंच नव्हे तर एडिसनच्या उद्योगांत तिचा पैसाही गुंतलेला होता. तरी मॉर्गन यांचा या बरणीवर विश्वास बसेना. मग असें ठरलें कीं, पेढींतील प्रत्येक दिव्यापाशीं एक कार्ड टांगावें आणि दिवा लावल्याची व मालवल्याची वेळ त्यावर टिपून ठेवावी. महिनाअखेर कार्डांची बेरीज आणि बरणीचा हिशेब यांत चांगलाच फरक आला, व बरणी खोटी पडली असें दिसलें. एडिसननें चौकशी केली तेव्हां उलगडा झाला. संध्याकाळीं पेढी बंद झाल्यावर झाडलोट करणारा नोकर दिवे लावून काम करी, आणि ते तास कोणत्याही कार्डावर चढत नसत. ते तास धरल्यावर बरणी खरी ठरली.

ही गोष्ट सामान्यतः एडिसनच्या मीटराची थोरवी गाण्यासाठीं सांगतात. आम्हांस तिचें महत्त्व निराळें वाटतें. बरणी खरी होती, हें कळलें कशानें? शेजारीं दुसरी एक नोंद ठेवली गेली म्हणून. ज्याच्या पैशानें कंपनी उभी राहिली त्यालाही तिच्या मापाची साक्ष दुसऱ्या साक्षीवांचून पटली नाहीं. आणि त्याच्यापाशीं दिव्यादिव्याला कार्ड टांगण्याइतकीं माणसें होतीं. ज्याच्या घरीं चारच दिवे त्यानें काय करावें?

त्या प्रश्नाचें उत्तर पुढील सात-आठ वर्षांत युरोप-अमेरिकेंत ठिकठिकाणीं मिळत गेलें. बर्लिनच्या हेर्मान आरोन यानें १८८४ च्या सुमारास दोन लंबकांचा मीटर केला. एक लंबक स्वतंत्र हाले, दुसऱ्याच्या गतीवर विजेचा परिणाम होई, आणि दोघांच्या गतींत जें अंतर पडे तें कांट्यावर दिसे. इटलींत तुरिन येथें गॅलिलिओ फेरारिस यानें १८८५ मध्यें फिरत्या चुंबकक्षेत्राचें तत्त्व शोधून काढलें. अमेरिकेंत १८८८ सालीं ऑलिव्हर शॅलेनबर्गर हा एक दिवा तपासत असतां त्यांतून निसटलेली स्प्रिंग आपोआप फिरूं लागलेली त्याच्या दृष्टीस पडली. इतर कोणी ती उचलून जागच्या जागीं बसविली असती, यानें तीवरून मीटर केला. पुढल्याच वर्षीं एलिहू थॉमसन यानें लहानशा मोटारीसारखा फिरणारा मीटर काढला, आणि त्याच १८८९ सालीं बुडापेस्टच्या ओट्टो ब्लाथी यानें गांझ कारखान्यांत तो फिरत्या तबकडीचा मीटर तयार केला कीं, ज्याची वंशवेल पुढें सर्व जगभर पसरली. हे पहिले मीटर लांकडी पाटावर बसविलेले असत, त्यांची तबकडी मिनिटास २४० फेरे घेई, आणि वजन २३ किलो भरे. १९१४ पर्यंत तें २.६ किलोवर आलें.

या तबकडीबद्दल दोन शब्द अधिक लिहिल्यास वाचक क्षमा करतील. आमच्या मतें घरगुती यंत्रांत इतकें प्रामाणिक यंत्र दुसरें झालें नाहीं. अल्युमिनियमची एक पातळ तबकडी. तिच्या एका अंगास दोन वेटोळीं, एकांतून घरांत जाणारा प्रवाह वाहतो व दुसऱ्यावर विजेचा दाब असतो. दोहोंच्या संयोगानें तबकडीस फिरण्याची प्रेरणा मिळते. दुसऱ्या अंगास एक कायमचें लोहचुंबक असतें. त्याचें काम तबकडीस आवरून धरण्याचें. घोड्यास चाबूकही हवा आणि लगामही हवा, तसाच हा प्रकार. या दोहोंच्या तोलामुळें घरांत जितकी वीज जळेल त्या प्रमाणांतच तबकडी फिरते. घरांत कांहींच चालू नसतां ती उगाच सरकत राहूं नये म्हणून तिला दोन बारीक भोंकेंही पाडलेलीं असत.

पण खरी गंमत पुढेंच आहे. तबकडीच्या कडेवर एक रंगीत खूण असे व ती कांचेंतून दिसे. एका युनिटास तबकडीचे किती फेरे, हेंही मीटरावरच छापलेलें असे. समजा तो आंकडा १२०० आहे. मग घरांतील सर्व दिवे मालवून १०० वॅटचा एकच दिवा लावावा. तासाभरांत त्यास एका युनिटाचा दहावा हिस्सा वीज लागणार, म्हणजे १२० फेरे. म्हणजेच दर तीस सेकंदांस एक फेरा. हातांत सेकंदकांट्याचें घड्याळ घेऊन शाळेंतील मुलालाही हा हिशेब ताडून पाहतां येई. फेरा वीस सेकंदांतच पुरा होऊं लागला तर मीटर पळतो, चाळीस लागले तर रेंगाळतो. एडिसनच्या बरणींत जें गिऱ्हाइकापासून दडलेलें होतें तें ब्लाथीच्या तबकडीनें कांचेमागें आणून ठेवलें. पायलीवरचा हात पुन्हा दिसूं लागला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां मुंबईकडे वळूं. १८८२ सालीं क्रॉफर्ड मार्केटांत विजेचे दिवे लागले. पुढल्या वर्षीं म्युनिसिपालिटीनें मार्केट व कांहीं रस्ते उजळण्याचा मक्ता एका कंपनीस दिला, परंतु वर्षभरांतच कंपनीचें दिवाळें वाजलें आणि मार्केट पुन्हा गॅसच्या स्वाधीन झालें. शहराला खऱ्या अर्थानें वीज मिळाली ती १९०५ मध्यें, जेव्हां बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रॅमवेज कंपनी स्थापन होऊन वाडी बंदर येथील विद्युत्-गृह सुरू झालें. ही कंपनी ७ ऑगस्ट १९४७ रोजीं, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधीं, महापालिकेनें विकत घेतली. तीच आजची ‘बेस्ट’. मालक बदलला, विकणाराही शहर व घेणाराही शहर अशी स्थिति आली. भिंतीवरचा मीटर मात्र होता तसाच फिरत राहिला.

या मीटराच्या पाठीशीं कायदाही उभा होता, आणि आमच्या दृष्टीनें हा भाग यंत्राइतकाच महत्त्वाचा आहे. १९१० च्या हिंदुस्थानच्या विद्युत् कायद्याचें २६ वें कलम मुद्दाम वाचून पाहण्यासारखें आहे. वीज मोजावयाची ती ‘बरोबर’ मीटरानेंच. मीटर बरोबर आहे कीं नाहीं यावर तंटा उपस्थित झाल्यास निकाल कंपनीनें द्यावयाचा नाहीं, गिऱ्हाइकानेंही नाहीं. दोहोंपैकीं कोणीही अर्ज केल्यास सरकारी विद्युत् निरीक्षकानें तो द्यावयाचा. मीटर बिघडलेला ठरला तर मागील बिलांची दुरुस्ती निरीक्षकाच्या अंदाजानें, पण सहा महिन्यांपलीकडे मागें जावयाचें नाहीं. परकीय सरकारच्या कायद्यांत गिऱ्हाइकाची एवढी बूज राखलेली पाहून आजही थोडें आश्चर्य वाटतें. दांडी कोणत्या बाजूस झुकली याचा निर्णय तिऱ्हाइतानें करावयाचा, हें बाजाराच्या चौकांतलें जुनेंच तत्त्व त्यानें विजेस लागू केलें होतें.

कायदा झाला कागदावर. प्रत्यक्षांत या मापाचा वाचक म्हणजे मीटर वाचणारा माणूस. मुंबईच्या चाळींत जिन्याखालीं, अंधाऱ्या कोपऱ्यांत, मीटरांची एक रांग फळीवर ठोकलेली असे. महिन्या-दोन महिन्यांनीं हा गृहस्थ बॅटरी घेऊन येई, वांकून आंकडे पाही व वहींत टिपी. दार बंद असल्यास ‘सरासरी’चें बिल येई, आणि या सरासरीनें मध्यमवर्गाच्या घरांत जितके कलह माजविले तितके खुद्द विजेनें माजविले नसतील. त्याच्याकडून चूक होई, कधीं तीनाचे आठ होत. पण त्यास अडवून विचारतां येत असे. शेजारच्या आजीबाई त्याला थांबवून “अहो, गेल्या महिन्यांत आम्ही गांवीं होतों, मग एवढें बिल कसें?” म्हणून दरडावीत, आणि तो बापडा वहीचें मागचें पान उघडून दाखवी. माप वाचणारा आणि पैसे देणारा यांच्यांत एवढा तरी संवाद शिल्लक होता. भाडेकऱ्यांस पोटमीटर लावून मूळ दरापेक्षां अधिक आकारणाऱ्या घरमालकांची गोष्ट येथें काढीत नाहीं. तो लोभाचा इतिहास झाला.

माप मुळांतच नसलें म्हणजे काय होतें, याचेंही उदाहरण दूर शोधावयास नको. महाराष्ट्रांत लाखों शेतीपंपांस मीटराऐवजीं पंपाच्या अश्वशक्तीवर बिल देण्याची पद्धत पडली. शेतकऱ्यास ती सोयीची वाटली, सरकारला लोकप्रिय वाटली. परिणाम असा झाला कीं, किती वीज शेतांत गेली आणि किती वाटेंत गळाली किंवा चोरीस गेली, हें कोणासच सांगतां येईना. न मोजलेल्या शेतीच्या नांवावर वाटेल ती गळती लपूं लागली. म्हणजे मीटर नसणें हें गिऱ्हाइकाच्या हिताचें, असा जो एक भोळा समज आहे, तोही टिकत नाहीं. ज्याचें माप नाहीं त्याच्या नांवावर कोणीही कांहींही खपवावें.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तबकडीच्या जागीं इलेक्ट्रॉनिक मीटर येऊं लागले. २००३ च्या विद्युत् कायद्याच्या ५५ व्या कलमानें दोन वर्षांनंतर बरोबर मीटराशिवाय वीज देऊंच नये असा दंडक घातला आणि बदलाचा वेग वाढला. लगोलग घरोघरीं ओरड झाली कीं नवा मीटर पळतो. या ओरडींत तथ्य किती? जुनी तबकडी वय झालें कीं बहुधा रेंगाळूं लागे; तिच्या टेंकणांत धूळ व घर्षण सांचे. शिवाय कोपऱ्यांत नुसता जागा राहिलेला दूरचित्रवाणी संच, भिंतींत खोंचून ठेवलेला चार्जर, असल्या बारीकसारीक खर्चानें तबकडी हालतही नसे; नवें यंत्र मात्र पैपैचा हिशेब ठेवतें. तेव्हां पुष्कळ ठिकाणीं नवा पळत नव्हता, जुना झोंपा काढीत होता. परंतु हें गिऱ्हाइकास नीट समजावून सांगण्याचे श्रम किती जणांनीं घेतले? तबकडी गेली, तिच्याबरोबर फेरे मोजण्याची सोपी युक्तीही गेली असें लोकांस वाटलें. वस्तुतः ती गेलेली नाहीं. नव्या मीटरावर एक तांबडा ठिपका लुकलुकतो, व एका युनिटास त्याचे किती लुकलुकाट हें तेथेंच छापलेलें असतें. तो आंकडा ३२०० असल्यास १०० वॅटच्या दिव्यास सव्वाअकरा सेकंदांस एक ठिपका पडला पाहिजे. शाळेंतील मुलाचें काम अजून चालूं शकतें. त्यास कोणीं सांगितलें नाहीं एवढेंच. महावितरण कंपनीनें मीटराचा फोटो बिलावर छापण्याची जी पद्धत घातली ती त्या मानानें उत्तम. फोटो कधीं अंधुक येई, हें खरें. तरीही आंकडा कोणत्या दिवशीं काय होता याचा पुरावा गिऱ्हाइकाच्या हातीं पडे.

आणि आतां हा स्मार्ट मीटर. त्याची वाट इटलीनें दाखविली. तेथें २००१ पासून पांच-सहा वर्षांत सुमारें तीन कोटि मीटर बसले व तारांतूनच दुरून वाचले जाऊं लागले. मीटर वाचणारा माणूस लागत नाहीं, ‘सरासरी’ संपते, वीज कोठें गळते तें लौकर समजतें, आणि दिवसाच्या वेळेप्रमाणें दर लावतां येतो. हे फायदे खरे आहेत. जो त्यांस नाकारतो तो वादासाठीं वाद करतो. पण पूर्वीं जो महिन्यास एक आंकडा जाई त्याच्या जागीं आतां दर पंधरा मिनिटांस किंवा अर्ध्या तासास एक जातो. या आंकड्यांच्या चढउतारावरून घरांत केव्हां कोण उठलें, केव्हां स्वयंपाक झाला, केव्हां घर बंद होतें, याचा तर्क बांधतां येतो. अमेरिकेंतील जॉर्ज हार्ट यानें १९९२ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, बाहेरच्या एकाच मीटरावरून घरांतील कोणतें उपकरण केव्हां चालू झालें तें ओळखण्याची रीतच दाखवून दिली होती. म्हणूनच २००९ मध्यें नेदरलंड्सच्या वरिष्ठ सभागृहानें या मीटरांची सक्ति करणारा कायदा घरच्या खासगीपणाच्या मुद्द्यावर अडविला. जो साक्षीदार फक्त मापाबद्दल बोलावयाचा तो घरांतल्या गोष्टी बाहेर सांगूं लागला, अशी ती भीति होती.

आमच्याकडे वाद निराळ्या ठिकाणीं पेटला. केंद्र सरकारनें २०२१ सालीं वीज-वितरण सुधारण्याची मोठी योजना आंखली व तींत देशभर २५ कोटि प्रीपेड स्मार्ट मीटर बसविण्याचें योजिलें; मार्च २०२५ ही मुदत होती, ती टळून गेली. मुंबईंत बेस्टनेंही २०२३ च्या सुमारास आपले दहा लाखांहून अधिक मीटर बदलण्याचें काम एका खासगी कंपनीस दिलें. लोकांच्या डोळ्यांत सलला तो ‘स्मार्ट’ हा शब्द नव्हे, ‘प्रीपेड’ हा. पैसे आधीं भरा, ते संपले कीं दिवे गेले! ही कल्पनाही नवी नाहीं. इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पेनीचें नाणें टाकून चालणारे गॅसमीटर निघाले. त्यांच्यामुळें अनामत भरूं न शकणाऱ्या कामकरी कुटुंबांस प्रथमच गॅस मिळाला हें मान्य केलें पाहिजे, परंतु श्रीमंत शेजाऱ्यापेक्षां त्यांस तो महागही पडला. त्याच देशांत २०२३ सालीं थकबाकीदारांच्या घरांत बळजबरीनें प्रीपेड मीटर बसविण्याचे प्रकार उजेडांत आले, तेव्हां तेथील नियामकास ते थांबवावे लागले.

येथें एक बाब फारशी कोणाच्या लक्षांत आलेली दिसत नाहीं. १९१० च्या कायद्यानें बिल थकलें तरी सात दिवसांची लेखी नोटीस दिल्यावांचून वीज तोडूं नये असें ठरविलें होतें. २००३ च्या कायद्यानें ती मुदत पंधरा दिवसांची केली. त्या पंधरा दिवसांत काय काय होत असे! कोणी दागिना गहाण टाकी, कोणी कचेरींत जाऊन अर्धें भरून अर्ध्याची मुदत मागे, कोणाचा पगार होई. वीज तोडण्यास माणूस यावा लागे, आणि माणसास दारांतलें तान्हें मूल किंवा अंथरुणावरचा म्हातारा दिसत असे. शिल्लक संपतांच तार आपणच मुकी होते तेव्हां नोटिशीची ती मुदत कोठें जाते? तिचा लाभ कायद्यानें गिऱ्हाइकास दिलेला होता; यंत्राच्या सोयीसाठीं तो त्याच्या नकळत काढून घेणें आम्हांस मुळींच न्याय्य वाटत नाहीं. जून २०२४ मध्यें राज्याचे तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनीं सर्वसामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर बसविले जाणार नाहींत असें जाहीर केलें, तेव्हां ओरड बरीच निवळली. पुढें महावितरणनें जे नवे मीटर लावण्यास घेतले त्यांचें बिल पूर्वीप्रमाणें महिनाअखेरच येतें, व दिवसां वापरलेल्या विजेस घरगुती गिऱ्हाइकास कांहीं सूटही मिळते.

मीटर बदलणें म्हणजे गिऱ्हाइकाशीं भांडणच, असें मात्र नाहीं. सातारा जिल्ह्यांत कऱ्हाडच्या कुशींतील मलकापूर या लहान गांवानें २००९ च्या सुमारास नळाला चोवीस तास पाणी देण्याची योजना पार पाडली आणि घरोघरीं दुरून वाचतां येणारे पाण्याचे मीटर बसविले. पाण्याच्या मीटराविरुद्ध आमच्या शहरांतून जो गहजब होतो त्यास एक खरें कारण आहे. दिवसांतून तास-दोन तास पाणी सोडलें कीं रिकाम्या नळींतील हवा आधीं धांव घेते, मीटराचें चक्र तिनेंही फिरतें, आणि गृहस्थ हवेचे पैसे भरतो. मलकापुरांत नळी नेहमींच भरलेली राहिल्यानें ती तक्रार मुळांतच उरली नाहीं. शिवाय जो कमी वापरील त्यास दर कमी अशी चढती आकारणी ठेवली. मापाबरोबर लोकांच्या पदरांत चोवीस तासांचें पाणी पडलें. त्यांनीं माप स्वीकारलें. विजेच्या कंपन्यांनीं मीटर बदलतांना गिऱ्हाइकाच्या पदरांत त्याच दिवशीं काय पडणार, हें सांगण्याचे कष्ट घेतले असते तर निम्मा वाद वाचला असता.

राहतां राहिला पडताळणीचा प्रश्न. स्मार्ट मीटराचा आंकडा मोबाईलवर रोजच्या रोज पाहतां येतो, असें उत्तर यावर दिलें जातें. पण मोबाईलवर जो दिसतो तो कंपनीनेंच वाचून परत पाठविलेला आंकडा होय. एडिसनच्या तराजूचा निकाल महिन्याऐवजीं रोज कळूं लागला, इतकाच त्यांत फरक. स्वतंत्र साक्ष दोन ठिकाणीं उरते. एक मीटरावरचा तो लुकलुकता ठिपका. दुसरी फेब्रुवारी २०२४ मध्यें केंद्र सरकारनें ग्राहक-हक्कांच्या नियमांत जी दुरुस्ती केली तींत आहे. आपल्या खर्चाच्या मानानें मीटर अधिक दाखवितो अशी गिऱ्हाइकानें तक्रार केल्यास कंपनीनें पांच दिवसांच्या आंत त्याच्या शेजारीं दुसरा एक मीटर बसवावयाचा आणि निदान तीन महिने दोन्ही मीटर एकाच तारेवर शेजारीं शेजारीं चालूं द्यावयाचे. तक्रार अर्थात् लेखी करावी, पोंच घ्यावी, आणि दोन्ही मीटरांचे आंकडे दर रविवारीं घरांतल्या कोणीतरी, शाळेंतल्या मुलानें टिपले तर फारच उत्तम, एका वहींत तारखेनिशीं मांडून ठेवावे.